किंमत सांगतानाचा आवाज

बचत गटांच्या प्रदर्शनात एक गोष्ट करून पाहावी. उडदाच्या पापडांच्या स्टॉलसमोर उभं राहावं आणि आधी फक्त मालाबद्दल विचारावं. मांडून बसलेली बाई लगेच खुलते. डाळ कुठली घेतली, पीठ किती कुटलं, मिरी भरडच का हवी, पापडखार जास्त पडला तर पापड तळताना लाल का होतो, हे ती न अडखळता सांगते. पापडशास्त्रावर तिला कुणी परीक्षेला बसवलं, तर पहिली येईल. मग विचारावं, ‘कसे दिले?’ आणि कान देऊन ऐकावं. आवाज झटकन खाली येतो. नजर आपल्यावरून निघून पुड्यावर जाते. ‘ऐंशीला लावलेत… पण तुम्ही द्या की काय द्यायचं ते.’ गिऱ्हाइकाने घासाघीस अजून सुरूही केलेली नसते. विकणारीच स्वतःशी घासाघीस करून हरलेली असते.

मुंबईत भरणारं ‘महालक्ष्मी सरस’ घ्या, नाहीतर तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या आवारात लागलेला मांडव घ्या, हा प्रसंग कमीअधिक फरकाने सगळीकडे दिसतो. यावरचं निदान ठरलेलं आहे : महिलांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव. इलाजही ठरलेला आहे : प्रशिक्षण शिबिर. शहरातून कुणी वक्ता येतो. बोलणाऱ्याची माती खपते आणि मुक्याचं सोनं पडून राहतं, असं ठासून सांगतो. नजरेला नजर भिडवा, हसतमुख राहा, आवाज मोठा ठेवा. टाळ्या होतात, चहा होतो, गटाचा फोटो निघतो. पुढच्या वर्षी स्टॉल तोच आणि ‘ऐंशीला लावलेत’ म्हणतानाचा आवाजही तोच.

आमच्या मते चूक निदानातच आहे. पापड कसा करायचा हे सांगताना तिच्याकडे आत्मविश्वास होता ना? मग एका प्रश्नात तो गेला कुठे? हे तिलाच विचारून पाहावं. ‘मावशी, ऐंशी कसे काढले?’ ती बोटांवर मोजते : डाळ, मिरी, हिंग, तेल, पिशवी, लेबल, एसटीचं भाडं. ‘आणि लाटण्याची मजुरी?’ ती हसते. ‘ती कशाला धरायची? घरचंच आहे की!’

खरी गाठ या ‘घरचंच’मध्ये आहे. पहाटे उठून पीठ कुटणारे हात घरचे, लाट्या करणारी सून घरची, वाळवणावर राखणीला बसलेली सासू घरची, म्हणून या सगळ्यांचे कष्ट हिशेबात शून्य. मग ऐंशी हा आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा शेजारच्या स्टॉलवरून. जो आकडा आपण काढलेलाच नाही, त्याच्या बाजूने बोलणार कसं? गिऱ्हाइकाने नुसत्या भुवया उंचावल्या की तो ढासळतो. ऐंशीचे साठ झाले तर त्या वीस रुपयांत नेमकं काय गेलं, हेही तिला ठाऊक नसतं. गेलेली असते तिची स्वतःची सकाळ. विक्रीतला आत्मविश्वास घशातून येतो, हा समज सोडून द्यावा. तो वहीतून येतो.

याचा पुरावा पापडाच्याच धंद्यात आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली आणि चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. पुढे ‘लिज्जत’ म्हणून घराघरांत पोचलेल्या उद्योगाची ही सुरुवात सर्वांना माहीत आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही. या भगिनींनीही आरंभी दोन प्रतींचे पापड केले होते : एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात काढायला. आमच्या मावशीचं ‘द्या की काय द्यायचं ते’ आणि हा दुसऱ्या प्रतीचा पापड ही सख्खी भावंडं आहेत. चांगल्या मालाला चांगली किंमत मिळेल याची खात्री नसली, की विकणारा आधीच पळवाट काढून ठेवतो. ज्यांनी ते ऐंशी रुपये दिले होते, त्या छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबाप्पांनी ही पळवाट बंद केली. पापड एकाच प्रतीचा करा, दर्जात तडजोड नको, हा धंदा आहे तेव्हा धंद्यासारखा चालवा आणि हिशेब चोख ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. छाती पुढे काढून बोला, असं काही त्यांनी सांगितल्याची नोंद नाही. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये. पुढे पापड लाटणाऱ्या प्रत्येक भगिनीला लाटणावळ मिळत गेली, म्हणजे ‘घरचे’ कष्ट किमतीत रीतसर जाऊन बसले.

मराठी उद्योगातलं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं घ्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकली विकल्या आणि मग लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं रोज नकार ऐकून माणूस टिकतो कशावर? उसन्या अवसानाची मुदत फार तर आठवडाभराची. लक्ष्मणरावांना लोखंड कळत होतं, नांगर कळत होता, आणि लोकांची भीती मालातल्या दोषाची नाही हेही कळत होतं. ज्याला आपला माल इतका ठाऊक असतो त्याला नकार लागतो, पण तो त्या नकाराने खचत नाही.

आता दुसरी बाजू. आत्मविश्वास नुसता आवाजातच भरला तर काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला बँकेत गेलेल्या निवृत्त माणसासमोर टाय लावलेला एक तरुण बसतो. हसतमुख असतो, नजरेला नजर देतो, आवाजही खणखणीत. शिबिरातले सगळे धडे त्याला पाठ असतात. महिनाअखेर जवळ आलेली असते, टार्गेट अपुरं असतं. ठेवीच्या जागी तो विम्याची पॉलिसी पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘काका, डोळे झाकून घ्या.’ हप्ते किती वर्षं भरायचे, मधेच मोडली तर हातात काय येईल, हे विचारलं की खणखणीत आवाजात दुसरंच काहीतरी उत्तर येतं. कारण पॉलिसीचा कागद त्यानेही वाचलेला नसतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये, पॉलिसी हातात पडल्यापासून पटली नाही तर परत करण्याची मुदत सरसकट ३० दिवसांची केली, ती उगीच नाही. डोळे झाकून घेतलेलं डोळे उघडून परत करायची ही सोय आहे.

याच बँकेबाहेर उन्हाळ्यात एक कलिंगडवाला हातगाडी लावतो. तो डोळे झाकायला सांगत नाही. कलिंगडावर टिचकी मारतो, आवाज ऐकतो, सुरीने त्रिकोणी फोड काढून हातावर ठेवतो : ‘बघा, लाल नसलं तर घेऊ नका.’ एखाद्या कलिंगडावर टिचकी मारून ते बाजूलाही सारतो, ‘हे घेऊ नका, कच्चं आहे.’ हे वाक्य कोणत्याही शिबिरात शिकवलं जात नाही. शंभर वेळा ‘घ्याच’ म्हणण्यापेक्षा एकदा ‘हे घेऊ नका’ म्हणायला जास्त धाडस लागतं, आणि ज्याला स्वतःचा माल आतून माहीत असतो त्यालाच ते परवडतं. विकणाऱ्यांची पारख करायची साधी कसोटी आमच्याकडे आहे : ‘डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावं आणि ‘कापून बघा’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जावं.

आमची मावशी तर चव बघायला पापडाचा भाजलेला तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवतेच. म्हणजे विक्रीतला अवघड अर्धा भाग तिला येतो. उरलेल्या अर्ध्यासाठी पुढच्या शिबिरात वक्त्याचा माइक थोडा वेळ बंद ठेवावा आणि प्रत्येकीच्या हातात एक वही द्यावी. वर डाळीपासून भाड्यापर्यंतचा खर्च लिहून घ्यावा, आणि खाली एक ओळ : माझे तास, माझी मजुरी. या ओळीत शून्य घालायला बंदी असावी.

गिऱ्हाइकांनीही एक करावं. ‘अगदी घरच्यासारखी चव’ असं कौतुक करून झाल्यावर दरही घरच्यासारखा मागू नये.

एवढं झालं की ‘कसे दिले?’ या प्रश्नावर तिला आवाज चढवायची गरज राहणार नाही. मिरी भरडच का हवी हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात ती किंमतही सांगेल.