अग्रक्रम आणि परिमाण

महिन्याची वीस तारीख. रात्रीचे नऊ वाजले आहेत. खालच्या दुकानात जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची घाई चालू आहे. वरच्या मजल्यावर नातू चित्रपट पाहतो आहे. दुकानातले चार कॅमेरे दिवसभराचे चित्रण दूरच्या साठवणीकडे अखंड पाठवत आहेत. आणि आजी परगावी दिलेल्या लेकीशी व्हिडिओवर बोलत आहेत. लेकीचे वाक्य मधेच तुटते. तिच्या आवाजात हुंदका होता, की तो केवळ तारेचा दोष होता, हे आजींना कळत नाही. ‘‘स्पीड वाढवून घेऊ,’’ असे म्हणून घरातले कर्ते पुरुष विषय संपवतात.

परंतु पुष्कळदा उणीव वेगाची नसते, रांगेची असते. चित्रण दोन मिनिटे उशिरा पोहोचले तरी काहीच बिघडत नाही. बोललेला शब्द मात्र अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचला, तर संभाषणच विस्कटते. दोघांना एकाच रांगेत उभे करणे ही समता नव्हे. तो अविवेक होय.

केबलच्या जाळ्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ही तार मुळात दूरदर्शन दाखवण्यासाठी टाकली गेली. प्रवाह केंद्राकडून घराकडे, एकाच दिशेने. पुढे तिच्यावरून इंटरनेट आले, तेव्हा घराकडून केंद्राकडे जाणाऱ्या वाटेला फार थोडी जागा उरली. अमेरिकेतील प्रचलित रचनेत ती ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच होती. येणारी वाट मात्र शेकडो मेगाहर्ट्झ रुंद. शिवाय ही अरुंद वाट अनेक घरांत सामाईक. म्हणून प्रत्येक मोडेमला बोलण्यापूर्वी केंद्रातील यंत्राकडे वेळ मागावी लागते. दोघांनी एकाच क्षणी मागितली, तर दोन्ही मागण्या वाया जातात आणि दोघांनाही थांबून पुन्हा मागावे लागते.

केबललॅब्स या संस्थेने १९९७ मध्ये ‘डॉक्सिस’ या मानकाची पहिली आवृत्ती तयार केली. तिच्यात ‘जमेल तसे पोहोचवू’ हेच मुख्य सूत्र होते. १९९९ च्या १.१ आवृत्तीने खरा बदल केला. एकाच मोडेममधून निघणाऱ्या माहितीचे वेगवेगळे प्रवाह पाडता येऊ लागले. कोणते पॅकेट कोणत्या प्रवाहात जाईल, हे त्याच्यावरील पत्ता व इतर खुणा पाहून ठरते. प्रत्येक प्रवाहाला कमाल वेग, किमान राखीव वेग आणि शून्य ते सात असा अग्रक्रम देता येतो. मोडेम सुरू होताना केंद्राकडून एक संरचना-फाइल उतरवून घेतो; हे नियम तिच्यात लिहिलेले असतात.

दूरध्वनीच्या आवाजासाठी या मानकाने सर्वांत मोठा मान राखून ठेवला. त्या प्रवाहाला वेळ मागावीच लागत नाही. दर दहा किंवा वीस मिलिसेकंदांनी त्याची जागा न मागता त्याच्यासमोर येते. मात्र या मानाला एक अट जोडलेली आहे. ती जागा ठरलेल्या मापाचीच असते. त्याहून एक अक्षरही अधिक नाही. इतकेच नव्हे, तर बोलणारा गप्प बसला की ती जागा सोडून देऊन इतरांना वापरू देण्याचीही सोय आहे. आणि शिल्लक क्षमता पुरेशी नसेल, तर केंद्र नव्या प्रवाहाला राखीव जागा देण्याचे नाकारू शकते. पदरी नाही ते देण्याचे वचन ते देत नाही.

येथे श्रावकाला परिग्रह-परिमाण व्रताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. धन-धान्य, क्षेत्र-वास्तू यांची मर्यादा गृहस्थ स्वतःच आखून घेतो. तंत्रज्ञांनी व्रत म्हणून नव्हे, गरज म्हणून तोच नियम स्वीकारला: ज्याला आधी मिळते, त्याने मोजके घ्यावे. अग्रक्रमाला परिमाण नसेल, तर शेवटच्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. आणि घरातील प्रत्येकाला पहिला क्रमांक दिला, तर तो कोणालाच दिला नाही असे होते.

केंद्रातील नियम ग्राहकाच्या हातात नसतात. घरातील राउटर मात्र असतो. अनेक राउटरमध्ये ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ नावाची सोय असते. तिच्यात अपलोडचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाहून थोडा कमी, शेकडा दहा-पंधराने, लिहावा. म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते. बोलण्याला पहिला क्रम द्यावा, दुकानाच्या कामाला दुसरा. कॅमेऱ्यांच्या अपलोडला कमाल मर्यादा घालावी, किंवा चित्रण दुकानातल्याच यंत्रात साठवून त्याची प्रत मध्यरात्रीनंतर पाठवावी. यासाठी मासिक बिलात एक रुपयाचीही भर पडत नाही.

क्रम लावण्याचा हा अधिकार मोठा आहे, म्हणूनच तो कोणत्या निकषावर वापरला जातो हे महत्त्वाचे. कामाचे स्वरूप पाहून क्रम लावणे हा विवेक. पाठवणारा कोण, हे पाहून लावणे हा पक्षपात. भारतात दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये नेट-तटस्थतेची तत्त्वे मान्य केली, ती याच भेदाची जाण ठेवून. मजकूर पाहून वाट अडवण्यास वा मंद करण्यास मनाई, वाजवी नियमनास मुभा.

पुढच्या महिन्याची वीस तारीख येईल, तेव्हा विवरणपत्र भरले जाईल, चित्रपटही चालू असेल. कॅमेरे थोडे थांबतील. आणि लेकीच्या आवाजात हुंदका असेल, तर तो आजींना स्पष्ट ऐकू येईल.