सगळेच कर्ण, मग बोट कुणाचं गेलं?

‘महाभारत, पण आजच्या काळात’ या साच्यातली कथा उघडली की पुढची पानं न वाचताही सांगता येतात. बॉस शकुनी, एचआर धृतराष्ट्र आणि नायक हमखास कर्ण. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, अप्रेझलमध्ये डावललेला, टॅलेंट असून मागे पडलेला कर्ण. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ 1967 साली आलं. तेव्हापासून मराठी घरातल्या हुशार मुलाला (मीही त्यातलाच) जरा डावललं की कर्णच आठवतो. यात कादंबरीचा काही दोष नाही. पण कवचकुंडलं सोडा, आपल्या अंगावरून आजवर पीएफखेरीज काहीही कापलं गेलेलं नाही.

ज्यांचं खरंच कापलं जातं ते भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेससमोर उभे असतात. त्यांच्यावर पुराणातली गोष्ट बेतावी असं कुणाला सुचत नाही.

खरं तर चाकणला स्वतःचं पुराण आहे. चक्रेश्वराच्या देवळाची आख्यायिका सांगते की दशरथाच्या रथाचं चाक इथं पडलं, त्यावरून गावाचं नाव पडलं. चाकाची खीळ निखळली तेव्हा कैकेयीनं त्या जागी आपला हात घातला आणि रथ चालू ठेवला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. वाल्मीकींकडे ती नाही, तिथे कैकेयी घायाळ राजाला रणातून बाहेर काढते. हात घालण्याचा प्रसंग नंतरच्या परंपरेतला, आणि लोकांच्या तोंडी त्या हाताचं बोट झालं. आता बघा. चाक फिरत राहावं म्हणून बाईनं बोट घातलं, ही कथा ज्या गावाला चिकटलेली आहे, तिथेच आज गाड्यांचे पार्ट बनतात आणि तिथेच बोटं जातात. इतकं आयतं समोर असताना आपले लेखक ब्रह्मास्त्र शोधत कुरुक्षेत्रावर फिरतायत.

बोट जातं कसं? दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच प्रेस खाली यावी, अशी सोय असते. टार्गेट वाढलं की एक बटण बांधून टाकतात, सेन्सर बायपास करतात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. अनेकांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावरच मिळतं, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं.

कैकेयीला निदान दोन वर मिळाले होते. तिनं ते वसूल केले, म्हणून तिला आपण अजून शिव्या घालतो. भरपाई मागणारी बाई खलनायिका का ठरते, या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहील. आणि एकलव्य? काहीही न शिकवलेल्या गुरूनं फी म्हणून अंगठा घेतला. ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेल्या, तीन वर्षं फक्त पार्ट उचलून ठेवणाऱ्या आयटीआयच्या पोराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पुराण चिरंतन आहे, त्याला युनियनच्या भांडणात ओढू नका. अरे, ज्यांनी चांगलं काम केलं त्यांनी ओढलंच की! श्याम बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये (1981) उद्योगपतींच्या दोन घराण्यांत महाभारत घडतं आणि वस्त्रहरणाच्या जागी आयकराची धाड येते. परके पुरुष घरातल्या बाईचे कपडे उपसतात. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाचा हिशेब मांडला: पांडवांच्या राज्यासाठी जंगल जळालं आणि त्यात राहणारेही जळाले. एमआयडीसीत जमीन गेलेल्या घरात हे वाचून बघा. या दोघांनी पात्रांना नुसते आजचे कपडे चढवले नाहीत. सत्ता कुणाकडे होती आणि किंमत कुणी मोजली, हे त्यांनी पाहिलं. आपल्या ‘कॉर्पोरेट महाभारता’त मात्र शकुनीनं राजीनामा दिला की कंपनी सुधारते. बटण बांधायला लावणारं टार्गेट तसंच राहतं.

मी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मशीन का थांबलं, हे त्यात ड्रॉपडाउनमधून निवडायचं असतं: टूल चेंज, मटेरियल नाही, लाइट गेली, अदर. बोट गेल्याचं वेगळं कारण यादीत घालू का, असं मी एका प्लँटवर विचारलं. नको म्हणाले, रिपोर्ट वर जातो. त्या महिन्यात एका प्रेसपुढे ‘अदर, 35 मिनिटं’ अशी नोंद होती. छत्तिसाव्या मिनिटाला काउंट पुन्हा सुरू झालेला दिसतो.