वर्षावासात अंग उतरत नाही

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्यापैकी अनेक घरांत मांस-मच्छी बंद असते. मग कोपरीतला जिमला जाणारा मुलगा आईच्या मागे लागतो, ‘अंग उतरेल, पावडरचा डबा आण.’ डब्याला हजारो रुपये पडतात. मातांनो, आधी आमचे ऐका.

वजने उचलली की स्नायूंना बारीक इजा होते. पुढच्या एक-दोन दिवसांत प्रथिने आणि पुरेशी झोप मिळाली की ते भरून निघतात. अशा व्यायामाला वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या मुलाला दिवसाला ९०.

हिशेब करा. ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या मटकीत २२, मूठ-दोन मूठ फुटाण्यांत १०, तेवढ्याच शेंगदाण्यांत १२ आणि पाव किलो पिठाच्या भाकरी-चपात्यांत २० च्या वर. झाले ना ९०? धान्यात लायसिन कमी, कडधान्यात भरपूर; म्हणून उसळ-भाकरीची जोडी सोडू नये. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे.

आणि उसळीचे वाढप मुलाच्याच ताटात नको. दिवसभर राबणाऱ्या आईचे, कामावर जाणाऱ्या लेकीचे स्नायूही झिजतात.

देह झिजवून ज्ञान मिळत नाही हे उमगल्यावर सिद्धार्थाने सुजाताची खीर स्वीकारली. व्रत पाळा, पण उपाशी राहू नका. हाच मध्यम मार्ग.

जय भीम!