मुळांशीं दडलेला चोर

संस्कृतांत वृक्षाला जीं अनेक नांवें आहेत, त्यांत ‘पादप’ हें नांव आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतें. पायांनीं जो पितो तो पादप. झाडाचें तोंड जमिनीखालीं असतें, ही गोष्ट या एका शब्दांत सांगितली आहे. व्यवहारांत मात्र आपणांस तिचा विसर पडतो आणि झाड आजारलें कीं आपण प्रथम पानें चाळूं लागतों. परसांतलें वांग्याचें किंवा टोमॅटोचें रोप खुरटतें, पानें पिवळीं पडतात, वाफ्यांत ओल असूनही भर दुपारीं तें मान टाकतें. मग घरांतलें एक माणूस पाणी वाढवितें, दुसरें खत घालतें, आणि रोप कांहीं सुधारत नाहीं. अशा वेळीं एखादें रोप मुळांसकट अलगद खणून काढावें व मुळें धुऊन पाहावीं. त्यांवर ठिकठिकाणीं मण्यांसारख्या गांठी आढळल्या, तर तें काम सूत्रकृमींचें समजावें.

हे कृमि गांडुळांच्या कुळांतले नव्हेत. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र. हा मात्र नुसत्या डोळ्यांस दिसतही नाहीं. अथर्ववेदांतील कृमिनाशक सूक्तांत कृमींचे ‘दृष्ट’ आणि ‘अदृष्ट’ असे भेद आले आहेत. त्यांवरून आमच्या पूर्वजांस मुळांतले हे कृमि ठाऊक होते असें म्हणणें धाडसाचें होईल. तरी ‘अदृष्ट’ हा शब्द यांना नेमका लागू पडतो. १८५५ मध्यें बर्कली या इंग्रज शास्त्रज्ञानें कांचगृहांतील काकडीच्या मुळांवरील गांठींचें कारण हे कृमि असल्याचें दाखविलें. आपल्या देशांत १९०१ मध्यें नीलगिरींतील देवाला येथील चहाच्या मळ्यांत बार्बर यांस ते आढळले.

अंड्यांतून निघालेलें पिल्लू सुमारें अर्ध्या मिलिमीटरहूनही आंखूड असतें. तें मुळाच्या कोंवळ्या टोंकांतून आंत शिरतें, अन्नपाण्याच्या नळ्यांजवळ ठाण मांडतें आणि तोंडांतील सुईसारख्या अवयवानें भोंवतालच्या पेशींत आपला रस सोडतें. त्या रसाच्या प्रभावानें कांहीं पेशी अवाढव्य फुगतात आणि झाडाचें अन्न या आगंतुकाला पुरवीत बसतात. चोरानें घर फोडावें आणि घरधन्यानेंच त्याचें ताट वाढावें, तसा हा प्रकार! मादी त्याच जागीं नासपतीसारखी फुगते आणि चिकट आवरणांत शेंकडों अंडीं घालते. उबदार जमिनींत एक पिढी महिन्याभरांत पुरी होते.

येथें एक विवेक मुलांसही शिकवावा. हरभरा, भुईमूग, तूर यांच्या मुळांवर उपकारक जंतूंच्याही गांठी असतात. त्या मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असून चोळतांच सुटतात, आणि जिवंत गांठ फोडली तर आंत गुलाबी दिसते. कृमींची गांठ म्हणजे मूळच सुजलेलें. ती सुटी होत नाहीं. बाह्य साम्यामुळें चोरासाठीं सज्जनास शिक्षा होऊं नये.

हा कृमि स्वतःच्या बळावर फार दूर जात नाहीं. त्याला आपण नेतों. सोलापूरकडील डाळिंबाच्या बागांस याचा मोठा उपद्रव आहे. गुटी बांधून केलेलें कलम मातीच्या पिशवींत वाढवितात. ती माती दूषित असली, तर विकत घेतलेल्या कलमाबरोबर रोगही शेतांत येतो. कर्ज काढून बाग लावणारा शेतकरी फळाची दोन-तीन वर्षें वाट पाहतो, आणि तेवढ्या अवधींत त्या पिशवींतला पाहुणा साऱ्या ओळींत पसरतो. म्हणून कलम घेतांना पानांच्या टवटवीवर भुलूं नये. दहांतलें एक तरी पिशवी फाडून मुळांसह पाहावें. त्या एका कलमाची किंमत गेली तरी ती वांयां गेली असें मानूं नये.

एकदां शिरलेला हा कृमि जमिनींतून समूळ घालविणें दुरापास्त आहे. जालीम औषधांवर भिस्त ठेवण्यांतही धोका आहे. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन नांवाचें असेंच एक औषध बनविणाऱ्या कॅलिफोर्नियांतील कामगारांस वंध्यत्व आल्याचें १९७७ मध्यें उघडकीस आलें आणि पुढें अमेरिकेंत त्याचा वापर बंद करावा लागला. त्यापेक्षां सौम्य उपाय चिकाटीनें करावे. वैशाखांत जमीन खोल नांगरून उन्हांत तापूं द्यावी. वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे अंथरावें. निंबोळी पेंड घालावी. दूषित वाफ्यांत एक हंगामभर दाट झेंडू लावावा; दसऱ्याच्या तोरणांतल्या या फुलझाडाच्या मुळांत सूत्रकृमींस घातक द्रव्य असतें, मात्र सर्व जातींचा गुण सारखा नसतो. पीक निघाल्यावर गांठाळलेलीं मुळें खताच्या खड्ड्यांत न टाकतां जाळून टाकावीं.

शेवटीं गृहिणींस एक विनंती. लेकीच्या सासरीं किंवा शेजारीं प्रेमानें मातीसकट रोप देण्याची आपली चाल गोड आहे. पण वाफ्याविषयीं शंका असेल, तर रोपाऐवजीं बीं द्यावें. मुळांवर गांठी करणारा हा कृमि बियांतून पसरत नाहीं, आणि प्रेम तर त्यांतूनही तितकेंच पोंचतें.