पाइप फुटतो तो बांधलेल्या जागी



मार्च लागला की आमच्या बागलाणात रोज कुणाचा ना कुणाचा पाइप फुटतो. आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकू येतं, "पाइपच हलका निघाला." दुकानदाराला चार शिव्या, कंपनीला दोन, आणि नवा पाइप परत त्याच तारेने त्याच खिळ्याला.

जमिनीखालच्या लाइनचं आज सोडून द्या. मी बोलतोय ते विहिरीच्या भिंतीवरून वर येणाऱ्या आणि मोटारीच्या खोलीत फिल्टरपर्यंत जाणाऱ्या पाइपाबद्दल. त्याचा फुटका तुकडा फेकून देण्याआधी नीट बघा, तडा कुठून सुरू झालाय. बहुतेक वेळा तो बाइंडिंग तारेच्या खाचेतून किंवा पत्र्याच्या पट्टीच्या काठापासून निघालेला दिसतो. पाइप हलका असेलही, पण तो फुटायची जागा आपण ठरवून दिलेली असते.

असं का होतं? साधा हिशोब आहे. आपली मोटार मिनिटाला 2900 च्या आसपास फेरे मारते. म्हणजे तासाला पावणेदोन लाख हादरे. चार किलोच्या पीव्हीसी पाइपाची भिंत जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास. त्यावर तार नाहीतर पत्र्याची कड आठ-आठ तास करवतीसारखी घासत राहते. वरून ऑटोवर टाकलेली मोटार लाइट गेली-आली की झटका मारून चालू होते, तो दणका वेगळाच. काळ्या एचडीपीई पाइपाला लोक दणकट समजतात. आहेच तो दणकट, पण ओरखड्याच्या बाबतीत तोही नाजूक. जाडीच्या दहाव्या भागापेक्षा खोल खाच पडली की तेवढा तुकडा कापून काढावा, असं पाइपवालेच सांगतात.

मग ऊन. पीव्हीसी पाइप एका अंशाला मीटरमागे साधारण 0.07 मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण दुपारी रिकामा पाइप उन्हात तापून 55 अंशांवर गेलेला असतो आणि लाइन आली की त्यात विहिरीचं 25 अंशांचं पाणी शिरतं. 30 अंशांचा फरक, 6 मीटरचा नग, म्हणजे सव्वा सेंटिमीटर आखडणार. लोखंडी पाइप याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतका हलतो. एचडीपीई तर पीव्हीसीच्या अडीच-तीन पट हलतो. जो पाइप रोज बोटभर सरकतो त्याला तुम्ही तारेने चार जागी आवळून बांधलं, तर तो कुठेतरी सुटका करून घेणारच. एक तर सोल्युशनचा जोड सुटतो, नाहीतर तारेपाशी तडा जातो.

रबर लावलेला क्लॅम्प नेमकं हेच सांभाळतो. गोल पत्र्याच्या दोन अर्ध्या कड्या, आतून रबर, दोन बाजूंना स्क्रू, आणि मागे नट, ज्यात भिंतीतला थ्रेडेड रॉड बसतो. रबर हादरा खातं, पत्र्याची कड पाइपाला लागू देत नाही आणि थोडं सरकायला जागा देतं. पाइप भिंतीपासून दोन बोटं लांब राहतो, त्यामुळे दगडावर घासत नाही. शहरात बिल्डिंगच्या प्लंबिंगमध्ये हे सर्रास वापरतात, कारण तिथे पाइपाचा आवाज बेडरूममध्ये जातो. आपल्याकडे बेडरूमचा प्रश्न नाही, म्हणून की काय, ही वस्तू शेतापर्यंत आलीच नाही.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पट्टीखाली घालणारे आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. नुसत्या तारेपेक्षा ते शंभर पटीने बरं. फक्त तो तुकडा हादऱ्याने हळूहळू बाहेर सरकतो आणि सहा महिन्यांनी पट्टी परत पाइपावर टेकते. बघत राहायची तयारी असेल तर जरूर करा.

विकत घेताना रबर बघा. चांगल्या क्लॅम्पमध्ये ते पट्टीच्या दोन्ही काठांवरून वळवून बसवलेलं असतं. नुसतं आतून चिकटवलेलं असेल तर एका उन्हाळ्यात सुटून लोंबतं. दुकानदाराला "ईपीडीएम आहे का" विचारा. हे रबर ऊन आणि पाणी दोन्ही सोसतं. त्याचं वावडं एकच, तेल. डिझेल इंजिन असेल आणि पाइपावर डिझेल उडत असेल तर ईपीडीएम फुगून मऊ पडतं, तिथे नायट्राइल रबर मागा.

माप सांगताना घोळ होतो. आपण "अडीच इंची, तीन इंची" म्हणतो. पण तीन इंची जीआय पाइप बाहेरून 88.9 मिलिमीटर असतो आणि ज्याला आपण तीन इंची पीव्हीसी म्हणतो तो 90. दोन इंचीत फरक जास्त, जीआय 60.3 आणि पीव्हीसी 63. म्हणून इंच विसरा. पाइपाभोवती दोरा गुंडाळा, लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, 3.14 ने भागा. 75 च्या पाइपाला दोरा साडेतेवीस सेंटिमीटर भरतो. क्लॅम्पवर किती ते किती मिलिमीटर चालतं ते छापलेलं असतं, त्यात आपला आकडा बसला की झालं.

आता बसवायचं. इथे फिटर घाई करतात. सगळे क्लॅम्प सारखे आवळायचे नसतात. सरळ लाइनीत एकच क्लॅम्प पक्का करा, तो व्हॉल्व्ह किंवा फिल्टरच्या जवळ. बाकीचे पाइप सांभाळतील इतपत, हाताने जोर लावला तर पाइप पुढे-मागे सरकला पाहिजे. पक्का करतानाही रबर काठातून फुगून बाहेर यायला लागलं की थांबा. आडव्या 75-90 च्या पाइपाला मी चार फुटांवर क्लॅम्प घेतो. 90 च्या पाइपात फुटाला पावणेदोन किलोच्या आसपास पाणी असतं, वीस फुटी नगात 33-35 किलो. दोन टोकांवर टांगलात तर मध्ये झोळ पडणारच. जुन्या दगडी बांधणीत ड्रिल दगडात मारा, दर्जेत मारू नका. दर्जेतला चुना-माती फास्टनर धरत नाही.

क्लॅम्प म्हणजे सगळ्यावर औषध आहे असं मात्र समजू नका. 90 च्या बेंडवर दोन किलो प्रेशरला जवळपास 180 किलोची ढकल येते. ती झेलायचं काम पातळ पत्र्याच्या कडीचं नाही, तिथे अँगलचा आधार किंवा काँक्रीटचा ठोकळाच लागतो. तसंच लाइट गेल्यावर उलट येणारा पाण्याचा दणका. सेकंदाला दीड मीटर वेगाचं पाणी एकदम अडलं तर पीव्हीसीत चार-पाच किलो जादा प्रेशरची लाट उठते. त्यावर उपाय चांगला एनआरव्ही, एअर व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह हळू फिरवणारा माणूस.

कृषी सल्लागार मंडळींना एक सांगायचंय. शेजारच्या शिवारातल्या एका डाळिंबाच्या बागेत टोकाच्या ओळी पिवळ्या पडत होत्या. आधी मॅग्नेशियम झालं, मग फेरस झालं, फवारण्या झाल्या. पाइप नुसता विटांवर टेकवलेला होता, हादऱ्याने सक्शनचा जोड ढिला होऊन मोटार हवा ओढत होती. प्रेशर पडलेलं, व्हेंच्युरी खत ओढत नव्हती, टोकाला जात होतं ते निव्वळ पाणी, तेही अर्धं. प्रेशर गेज बघितला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. पान बघायला बागेत शिरायच्या आधी मोटारीच्या खोलीत एकदा डोकावा, ही विनंती.

आणि फळ फुगवणीच्या दिवसांत पाइप फुटला तर काय होतं ते डाळिंबवाल्यांना माहीत आहे. दोन-तीन दिवस बाग ताणावर, मग पाइप जोडला की भरपाई म्हणून दुप्पट पाणी, आणि आठवड्यात फळं तडकलेली. पाइपाचा तुकडा दोनशेचा, आणि तडकलेला माल व्यापारी क्रेटमध्ये हातसुद्धा लावून बघत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ठिबकच्या कोटेशनमध्ये फिल्टर असतो, व्हॉल्व्ह असतात, ग्रोमेटसुद्धा मोजून लिहिलेले असतात. पाइप भिंतीला कशाने धरणार, याची ओळ मी तरी क्वचितच बघितली. फिटर येतो आणि "दादा, थोडी तार आहे का घरात?" विचारतो. लाखाच्या वरच्या कामात हे शोभतं का? आमच्याकडे 75 चा रबरी क्लॅम्प शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, एका सेटला दहा-बारा लागतात. विक्रेत्यांनी ही ओळ स्वतःहून घालावी. नसेल घालत तर शेतकऱ्याने सही करायच्या आधी घालायला लावावी.

ॲसिड ट्रीटमेंटचा कॅन मोटारीच्या खोलीत ठेवू नका, त्याच्या वाफेने क्लॅम्पचं जस्त एका हंगामात जातं. विहिरीच्या आतले क्लॅम्प स्टेनलेसचेच घ्या, तिथे ओल-कोरड सतत चालू असते.

सध्या विहिरींनी तळ गाठलाय, एरवी पाण्याखाली असणारी भिंत उघडी आहे. खालचे क्लॅम्प बसवायला मृगाआधी हेच दिवस. उतरताना मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं उभी करा. रात्रीची लाइन आली आणि पाइप फुटला म्हणून बॅटरी तोंडात धरून एकट्याने विहिरीत उतरणारे आपल्यात कमी नाहीत.