भ्रूणतपासणीचा विवेक

लग्नाला आठ-दहा वर्षे झाली, नवससायास झाले, तालुक्याच्या दवाखान्याचे उंबरे झिजवून झाले, की गडहिंग्लज, चंदगड, निपाणी, सावंतवाडीकडची जोडपी कोल्हापूरची वाट धरतात. टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च लाखांच्या घरात. कुणी दागिने मोडतो, कुणी कर्ज काढतो. आता या जोडप्यांपुढे आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. तयार झालेल्या भ्रूणांची, गर्भाशयात सोडण्यापूर्वी, जनुकीय तपासणी करायची का? ‘करून घेतलेली बरी’ एवढ्या सल्ल्यावर सही होते आणि बिल वाढते. ही सही इतकी सहज होता कामा नये.

तपासणी होते कशी, हे आधी पाहू. फलनानंतर पाचव्या दिवशी भ्रूणात साधारण शंभरावर पेशी असतात. ज्या बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते, त्यातल्या पाच ते दहा पेशी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल येईपर्यंत भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर गोठवून ठेवतात. या पेशींवर मुख्यतः दोन वेगळ्या तपासण्या होतात. एक, घराण्यात ठाऊक असलेल्या विशिष्ट आजाराची. दुसरी, गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे की नाही याची. या दोहोंची गल्लत होते आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिल्या तपासणीच्या बाजूने आम्ही निःसंदिग्धपणे उभे आहोत. आई आणि वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही जन्मभर. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागातून अजून गेलेली नाही, आणि जवळच्या नात्यात एकच दोष दोन्हीकडून येण्याचा धोका वाढतो. एक आजारी लेकरू सांभाळणाऱ्या आईला दुसऱ्या खेपेस चौथ्या महिन्यात गर्भजल तपासून गर्भ पाडायला सांगण्यापेक्षा, भ्रूण आधीच तपासणे अधिक माणुसकीचे आहे.

दुसऱ्या तपासणीचे तसे नाही. गुणसूत्रे तपासून भ्रूण सोडला की मूल हमखास होईल, असा समज पसरला आहे. पुरावा त्याला दुजोरा देत नाही. चीनमध्ये 20 ते 37 वयाच्या 1,212 स्त्रियांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तपासणी केलेल्या गटात सुमारे 77 टक्के स्त्रियांना मूल झाले. न केलेल्या गटात सुमारे 82 टक्के. तपासणीने भ्रूण सुधारत नाही. हाती आहेत त्यांतूनच निवड होते. शिवाय वारेच्या पेशींत दोष दिसला म्हणून बाळात तो असेलच असे नाही. काही पेशी सदोष आणि काही निर्दोष असे मिश्र भ्रूण सोडल्यावर निरोगी बाळे जन्मल्याचे इटलीतील डॉक्टरांनी 2015 मध्येच नोंदवले आहे. अडतिशीतल्या एखाद्या बाईकडे दोनच भ्रूण असतील आणि दोन्ही ‘सदोष’ ठरवून टाकून दिले गेले, तर तिची उरलीसुरली आशाही संपते. वय जास्त असेल, वारंवार गर्भपात झाले असतील, तर डॉक्टरांशी बोलून विचार जरूर व्हावा. पण सरसकट प्रत्येक जोडप्याच्या माथी ही तपासणी मारणे आम्हाला मान्य नाही.

कोल्हापूरने तर याहून अधिक सावध राहिले पाहिजे. गुणसूत्रे मोजताना भ्रूण मुलाचा की मुलीचा हेही प्रयोगशाळेला कळते. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 839 मुली उरल्या होत्या. त्या लाजेतूनच तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण बसवले आणि 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही योजना उचलून धरली. तरीही 2017 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी गर्भपात केलेले 19 भ्रूण पुरलेले सापडले. भ्रूणतपासणीत लिंग कळायला ना सोनोग्राफी लागते, ना पुढे गर्भपात. म्हैसाळसारखा पुरावा मागे उरतच नाही. गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीला 2003 पासून कायद्याने बंदी आहे. 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात लिंगनिवडीच्या सोयीची जाहिरात केल्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास किंवा दहा ते पंचवीस लाखांचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण तपासणीची नोंदच कुणी उघडून पाहिली नाही, तर हा कायदा कागदावरच राहील.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. 2021 चा कायदा ही तपासणी ठाऊक असलेल्या आनुवंशिक आजारांसाठी किंवा नोंदणी प्राधिकरण ठरवील त्या कारणांसाठी करू देतो. मग आजाराचा कोणताही इतिहास नसलेल्या जोडप्याचे भ्रूण कोणत्या कारणाने तपासले, हे प्रत्येक केंद्राला लेखी नोंदवायला लावा, आणि जिल्ह्याच्या समितीने त्या नोंदी नियमित तपासाव्यात. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जनुकीय समुपदेशनाची मोफत सोय करा. लग्नाआधी थॅलेसेमियाची रक्ततपासणी गावोगावी पोहोचवा. ती भ्रूणतपासणीहून कितीतरी स्वस्त आहे.

आणि जोडप्यांनी सहीआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. तपासणी नेमकी कोणत्या आजारासाठी? आमच्या वयात तिचा फायदा किती? सगळेच भ्रूण सदोष निघाले तर पुढे काय? आणि एकूण खर्च किती? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे, तो तुमचा हक्क आहे. चारही उत्तरे नीट कळेपर्यंत सही करू नका.