तीन नंबरचा सिलिंडर

गाडीत ‘इग्निशन कॉइल’ नावाची एक वस्तू असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? म्युझिक सिस्टीमचे वॉट्स पाठ असतात, ईएमआयची तारीख तर झोपेतही आठवते. कॉइलशी ओळख मात्र रस्त्याच्या कडेलाच होते. माझी झाली इंदापूर तालुक्यात पळसदेवजवळ, पुणे-सोलापूर हायवेवर.

गाडी अर्थात माझी नव्हती. फ्रीलान्स जर्नालिस्टला स्पोर्ट्स कार परवडली असती तर शनिवारी सकाळी डेडलाइन सांभाळत कॉलम कोण लिहीत बसलं असतं? गाडी मित्राची. लालभडक, दोन दारांची, मॅन्युअल गिअरची, इम्पोर्टेड पण सेकंडहँड. भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायचे आणि पुढे इंदापूरला एका मैत्रिणीच्या घरी जेवायचं, असा साधासुधा वीकेंड प्लॅन.

भिगवण मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, मित्राने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी अडखळली. पुन्हा दाबला, पुन्हा अडखळली. स्टिअरिंग थरथरायला लागलं, सायलेन्सरमधून फट्फट् आवाज आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. इथे एक फंडा क्लिअर करून ठेवा. हा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी लवकर दाखवून घ्या. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, आत्ताच.

आम्ही एका हॉटेलापाशी थांबलो. मित्राने पुण्यातल्या त्याच्या वर्कशॉपला फोन लावला. पलीकडून यादी सुरू झाली : चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, ‘बहुतेक’ ईसीयू. शिवाय गाडी न्यायला ट्रक. आकडा ऐकून माझ्या चहात साखर आहे की नाही तेही कळेना. गाडीचं बॉनेटही न उघडता एवढं निदान! आपल्याकडे डॉक्टरसुद्धा आधी जीभ बाहेर काढायला सांगतात.

मित्र म्हणाला, “जाऊ दे ना, तीन सिलिंडरवर चालतेय की. सव्वाशे किलोमीटर तर जायचंय. हळूहळू मारू.”

खरी गोम इथेच आहे. जुन्या प्रीमियर पद्मिनीला एकच कॉइल असायची. ती गेली की गाडी जागेवर ठप्प, विषय संपला. (पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये काढली ती वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांच्या नावाचं वालचंदनगर याच इंदापूर तालुक्यात आहे. तेव्हा गाडीसाठी तालुका काही परका नव्हता.) आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. एक गेली तरी बाकीच्या गाडी ओढत राहतात. म्हणून मोह होतो.

हॉटेलवाल्या काकांनी इंदापूरहून मिस्त्री बोलावला. तो बाइकवर आला, पाठीवर सॅक. गाडीकडे कौतुकाने वगैरे पाहिलं नाही. पहिली गोष्ट म्हणाला, “साहेब, आधी गाडी त्या गवतावरून काढा. फरशीवर घ्या.”

मी विचारलं, का?

“ताई, आत पेट्रोल जळत नाही ना, ते तसंच सायलेन्सरकडे जातं. कन्व्हर्टर लाल होतो. खाली वाळलेलं गवत, शेजारी उसाचं पाचट. पेटलं म्हणजे?”

एवढ्यात मित्राचा पुण्याला जायचा उत्साह मावळला. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी तापून वितळू शकते, आणि कन्व्हर्टरच्या किमतीत कितीतरी कॉइल येतात. सव्वाशे किलोमीटर वाचवायला गेलो असतो तर लाखाच्या घरात गेलो असतो.

मिस्त्रीने सॅकमधून काडेपेटीपेक्षा थोडा मोठा स्कॅनर काढला, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावला, मोबाइलवर कोड आला : पी०३०३. म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. मित्र लगेच म्हणाला, “म्हणजे कॉइल गेली.” मिस्त्री म्हणाला, “नाही. म्हणजे तीन नंबर जळत नाही. का जळत नाही ते बघू.” हे वाक्य मला फार आवडलं. कोड रोगाचं नाव सांगत नाही, कुठे दुखतंय तेवढं सांगतो.

इंजिन थंड होऊ दिलं. चालू इंजिनवर कॉइल उपटायची नाही, कारण बॅटरीचे १२ व्होल्ट ही कॉइल हजारो व्होल्टपर्यंत चढवते. आत तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतात, एक थोड्या फेऱ्यांचा, दुसरा हजारो फेऱ्यांचा. पहिल्यातला करंट ईसीयू झटकन तोडतो आणि दुसऱ्यात तो दणका उठतो. प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेवर बसून आतलं इन्सुलेशन चिरतं आणि ठिणगी भलतीकडे उडायला लागते.

मग त्याने जे केलं त्याला खर्च शून्य. तीन नंबरची कॉइल एक नंबरवर, एकची तीनवर. जुना कोड पुसला. गाडी चालू केली. थोड्या वेळात नवा कोड : पी०३०१. बिघाड कॉइलबरोबर चालत गेला! कोड तीनवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन अशी पुढची वाट होती. वर्कशॉपच्या अर्ध्या यादीवर फुली पडली ती दहा मिनिटांत. कॉइलच्या रबरी नळीवर केसाएवढी काळी रेघ होती, तीही त्याने उन्हात धरून दाखवली.

फोक्सवॅगनने २००३ मध्ये अमेरिकेत लाखो गाड्यांच्या कॉइल स्वतःहून बदलून दिल्या होत्या. (आमची गाडी त्यांची नव्हे, उगाच तर्क नको.) तेव्हा कॉइल जाणं यात लाजिरवाणं काही नाही, महागड्या गाडीचीही जाते.

प्रश्न पार्टचा होता. मिस्त्रीने जुन्या कॉइलवरच्या नंबराचा फोटो बारामतीच्या स्पेअर्सवाल्याला पाठवला. उत्तर आलं, आहे. त्याच इंजिनाची एक साधी सेडान आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसते. कॉइल तिच्यासाठी ठेवलेली. मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. तसं बारामतीत हायफाय इंजिनाचं कुणाला अप्रूप नाही. पियाजिओच्या तिथल्या कारखान्यात एप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स बाइक बनते. काकांच्या पुतण्यामागे बसून मित्र बारामतीला गेला. हेल्मेट घालून, स्पोर्ट्स कारचा मालक, मागच्या सीटवर.

तोवर मिस्त्रीने चारही प्लग काढले. त्यांची गॅप झिजून वाढली होती. गॅप वाढली की कॉइलला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून तो प्लग नवे घाला म्हणाला आणि इंदापूरहून मागवलेही. “बाकीच्या तीन कॉइल?” मी विचारलं. “चालतायत ना? राहू द्या. एक जास्तीची डिकीत ठेवा.” वर्कशॉपवाल्यांना पटणार नाही, मला पटलं.

कॉइल साडेतीन हजार, प्लग वेगळे, मजुरी पाचशे. मित्राने हजार पुढे केले, मिस्त्रीने पाचशे परत दिले. नवी कॉइल दाबून बसवली, वरचा बोल्ट आवळला, कनेक्टर ‘टक्’ वाजेपर्यंत ढकलला. इंजिन एकसुरात चालू झालं. दिवा गेला. इंदापूरचं जेवण आम्हाला संध्याकाळी सहाला मिळालं, आमटी पुन्हा गरम करून.